डोंगर कोणाच्या जबाबदारीचा?

विमानविद्येच्या इतिहासात उतरण्याच्या कलेवर जितका विचार, पैसा आणि परिश्रम खर्ची पडला, तितका आकाशात चढण्याच्या कलेवर पडला नाही, आणि या उपेक्षेचे कारण उघड आहे. ढगांतून खाली येणाऱ्या वैमानिकाची जमिनीशी गाठ अटळ असल्यामुळे ती कोठे आहे आणि किती खाली आहे, हे त्याला क्षणोक्षणी कळावे लागते. उलट वर जाणाऱ्याचा जमिनीशी संबंध सुटत चाललेला असतो, आणि जो दूरच चालला आहे त्याला वाट कशाला आखून द्यायची, अशी समजूत सरकारी दप्तरांत, विमानतळांवर आणि खुद्द वैमानिकांच्या मनातही पुष्कळ वर्षे घर करून होती. सपाट मुलुखात ती खरीही ठरते. पण धावपट्टीपासून पाच-सात मैलांवर डोंगर उभा असेल, रात्र काळोखी असेल आणि ढग खाली उतरलेले असतील, तर वर चढणाऱ्या विमानाखालची जमीनही चढत असते, आणि कित्येकदा ती विमानापेक्षा वेगाने चढते. उपकरणांच्या आधारे करावयाच्या प्रस्थानाच्या पद्धती ज्या कागदांवर छापल्या जातात त्या कागदांचा इतिहास म्हणजे एवढी एक गोष्ट हळूहळू, बहुधा प्राणांचे मोल देऊन, उमगत गेल्याचा इतिहास होय. आणि तो वाचताना एकच प्रश्न पुनःपुन्हा समोर उभा राहतो, की ज्या डोंगराविषयी हुकुमात काही लिहिलेले नाही, तो डोंगर कोणाच्या जबाबदारीचा?

24 सप्टेंबर 1929 रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील मिचेल फील्ड या तळावर जेम्स डूलिटल याने आपली बैठक पूर्णपणे झाकून घेऊन, बाहेरचे काहीही न पाहता, केवळ उपकरणांकडे दृष्टी ठेवून सुमारे पंधरा मिनिटे विमान चालविले. पुढच्या बैठकीवर बेन केल्सी हा दुसरा अधिकारी अडीअडचणीसाठी बसविला होता. परंतु त्याला विमानाला हात लावण्याची वेळ आली नाही. कोल्समनचा सूक्ष्म उंचीमापक, स्पेरीचे कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक जायरो आणि जमिनीवरून येणारे रेडिओचे संकेत, एवढ्या साधनांवर हे कार्य सिद्धीस गेले. त्या दिवसाची कीर्ती झाली ती न पाहता उतरल्याबद्दल. त्याच माणसाने त्याच झाकलेल्या बैठकीतून उड्डाणही केले होते, याची आठवण फारसे कोणी काढीत नाही. प्रस्थानाच्या वाट्याला आलेली ही उपेक्षा इतकी जुनी आहे.

आपल्याकडे त्यानंतर तीन वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता, आणि असता तरी त्याला उत्तर देणारे जमिनीवर कोणी नव्हते. किनारा, नद्या, लोहमार्ग आणि डोळे एवढाच त्या काळच्या वैमानिकाचा सरंजाम होता. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई म्हणून त्या दिवसांत टाटांचे वैमानिक पुण्याहून ये-जा करीत, आणि त्यामुळे आषाढ-श्रावणात ढगांनी माखलेला सह्याद्री त्यांच्या नित्याच्या वाटेवर येऊन बसला. त्यांना प्रस्थानाचा आखून दिलेला मार्ग कोणी दिला नव्हता. पण त्याचबरोबर कोणी आपल्यासाठी डोंगर पाहून ठेवला आहे असा भ्रमही त्यांना नव्हता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

अमेरिकेतल्या टपालवाहू वैमानिकांची स्थिती याहून निराळी नव्हती. 1930 च्या सुमारास एल्रे जेपसन नावाचा तरुण चेयेन आणि सॉल्ट लेक सिटी यांच्या दरम्यान, म्हणजे रॉकी पर्वताच्या अगदी अंगावरून, टपालाची विमाने नेऊ लागला, आणि हिवाळ्यातल्या वादळांत आपले सहकारी दगावताना पाहून त्याने दहा सेंटांची एक काळी वही विकत घेतली. त्या वहीत तो मैदानांची लांबी, उतार, दिवे, आसपासची झाडे, धुराडी, पाण्याच्या टाक्या आणि डोंगरमाथे यांची टिपणे ठेवू लागला. सुटीच्या दिवशी तो त्या जागांवर जाई, उंचीमापक घेऊन टेकडी किंवा टाकी चढे आणि आकडा लिहून घेई. वाटेवरच्या शेतकऱ्यांचे दूरध्वनी क्रमांकही त्याने टिपून ठेवले होते, म्हणजे निघण्यापूर्वी तिकडच्या हवेची चौकशी करता येई. सोबतचे वैमानिक वही मागू लागले, तिच्या नकला होऊ लागल्या, आणि 1934 पासून त्याने ती दहा डॉलर किमतीला विकायला काढली. कोकणच्या किनाऱ्यावरचा जुना तांडेल ज्या खडकावर आपले गलबत एकदा घासले तो खडक पुढच्या पिढीला नेमका सांगे, तसेच हे ज्ञान होते: ते एका माणसाने पायांनी आणि डोळ्यांनी मिळविले होते. म्हणूनच वहीच्या पानावर एखाद्या दिशेची टिपणे नसली, तर जेपसन तिकडे गेला नाही एवढाच त्याचा अर्थ होता आणि वाचणाऱ्याला तो ठाऊक होता.

पुढे ही वही संस्था बनली, तिच्याशेजारी सरकारी नकाशे आले, आणि आकाशात रेडिओचे मार्ग पडले. त्या काळच्या चौपदरी रेडिओ-दीपाची रचना मोठी कल्पक होती: एका बाजूच्या पट्ट्यात मॉर्सचे ए हे अक्षर ऐकू येई, दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यात एन, दोन्ही जेथे एकमेकांत मिसळत तेथे कानात एकसंध नाद घुमे आणि वैमानिकाने ओळखावे, की आपण वाटेवर आहोत. स्वतंत्र भारतात 1949 साली रात्रीच्या टपालाची विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली ही विमाने नागपुरास येऊन टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पुन्हा आपापल्या वाटेला लागत, तेव्हा त्या वैमानिकांनाही रेडिओचाच आधार होता. परंतु हे सारे मार्ग वरच्या आकाशातले. धावपट्टी सुटल्यापासून त्या मार्गाला जाऊन मिळेपर्यंतची दोन-चार मिनिटे ज्याची त्याने निभावून न्यावयाची, असाच शिरस्ता राहिला.

1944 च्या डिसेंबरात शिकागो येथे झालेल्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटना जन्मास आली, आणि पुढे तिने व अमेरिकेच्या विमान खात्याने स्वतंत्रपणे या दोन-चार मिनिटांचे गणित मांडले. ते गणित सामान्य वाचकालाही कळण्यासारखे आहे, आणि पुढच्या शोकांतिका समजण्यासाठी ते कळणे अवश्य आहे. धावपट्टीच्या टोकापासून एक अदृश्य उतरंड वर चढत जाते अशी कल्पना करावी. अमेरिकन पद्धतीत ती दर सागरी मैलामागे 152 फूट चढते. या उतरंडीच्या वर डोके काढणारा डोंगर, मनोरा किंवा वृक्ष नसेल तर ती दिशा निर्वेध समजावी. विमानाने मात्र मैलामागे किमान 200 फूट चढावे. म्हणजे प्रत्येक मैलाला 48 फुटांची शिल्लक साठत जाते, आणि दहा मैलांवर विमान व सर्वांत उंच संभाव्य अडथळा यांच्यामध्ये जवळजवळ पाचशे फुटांचे अंतर पडते. वैमानिकाने धावपट्टीचे टोक 35 फुटांवरून ओलांडावे आणि 400 फूट गाठल्याशिवाय वळू नये, अशी या गणिताची गृहीते आहेत. आंतरराष्ट्रीय संघटनेने हाच हिशेब शेकड्यात मांडला: विमानाची चढण 3.3 टक्के, अडथळ्यांची उतरंड 2.5 टक्के, आणि भारतात हीच आंतरराष्ट्रीय पद्धत चालते.

या हिशेबात एक बारकावा आहे, तो नवशिक्याला चकवतो. विमानातले उपकरण चढण दाखविते ती मिनिटाला किती फूट अशी. कागद मागतो ती मैलाला किती फूट अशी. जमिनीच्या सापेक्ष 120 नॉट वेग असेल तर मैलाला 200 फूट म्हणजे मिनिटाला 400 फूट; 180 नॉट असेल तर मिनिटाला 600. पाठीमागून वारा आला की विमानाचे सामर्थ्य तेच राहूनही त्याची चढण कागदाच्या हिशेबात उणी पडते. डोंगराळ भागात कागद मैलाला 300 किंवा 400 फूट मागू लागतो तेव्हा हा बारकावा केवळ शालेय गणित राहत नाही.

आता, उतरंडीत डोंगर आडवा येत असेल तर आखणी करणारा तोडगा काढतो: ठरावीक उंचीपर्यंत सरळ चढा, मग अमुक दिशेस वळा, किंवा चढण वाढवा, किंवा ढगांची पातळी अमुक असेल तरच निघा, म्हणजे डोंगर डोळ्यांनी टाळता येईल. या मजकुराला अमेरिकेत अडथळा-प्रस्थान पद्धत म्हणतात, आणि पुष्कळ ठिकाणी तो दोन-तीन ओळींचा असतो. तो विमानतळाच्या मुख्य नकाशावर छापलेला नसे. सरकारी पुस्तकाच्या आरंभी, अनेक विमानतळांच्या यादीत, बारीक टाइपात तो असे, आणि नकाशावर काळ्या त्रिकोणात टी हे अक्षर घालून एवढेच सुचविले जाई, की या विमानतळासंबंधी आणखी काही वाचण्यासारखे आहे. डोंगराविषयीची माहिती अशा ठिकाणी ठेवण्याचा निर्णय ज्या कोणा समितीने घेतला, तिने कागदाची काटकसर केली खरी, पण थकलेल्या माणसाचा विचार केला नाही, असे मला म्हणावेसे वाटते.

त्याहून गंभीर दोष मौनात होता. एखाद्या विमानतळासाठी असा मजकूर मुळीच छापलेला नसेल, तर त्याचे दोन अर्थ होत. तेथे उपकरणांच्या आधारे उतरण्याची पद्धत प्रसिद्ध झालेली असेल, तर आखणी करणाऱ्यांनी सभोवार पाहणी केली आणि त्यांना काही आडवे आढळले नाही, असा एक अर्थ. तशी पद्धत प्रसिद्धच नसेल, तर तेथील डोंगर कोणी मोजलेलेच नाहीत, असा दुसरा. निर्वेध आकाश आणि न पाहिलेले आकाश हे दोन्ही कागदावर सारखेच कोरे दिसते. जेपसनच्या वहीतल्या कोऱ्या जागेचा एकच अर्थ होता, कारण त्या वहीमागे एक माणूस उभा होता; संस्थेच्या कागदामागे खाते, पोटखाते, नियमावली आणि तिची परिशिष्टे उभी राहिली, आणि कोरेपणाचा अर्थ लावण्यासाठी वैमानिकाला परिशिष्टे पाठ करावी लागू लागली.

कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या दक्षिणेस, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून, ब्राउन फील्ड नावाचा एक लहान विमानतळ आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून पाचशे फुटांच्या जरा वर, आणि पूर्वेस काही मैलांवर ओटाय पर्वत साडेतीन हजार फुटांपर्यंत चढलेला. रात्री तेथील नियंत्रण-मनोरा बंद असे. 16 मार्च 1991 च्या मध्यरात्रीनंतर रीबा मॅकेंटायर या विख्यात गायिकेच्या वाद्यवृंदाला घेऊन एक छोटे जेट विमान तेथून निघावयाचे होते. वैमानिकाजवळ तेथील प्रस्थानपद्धतीचा मजकूर नव्हता म्हणून त्याने हवामान व माहिती देणाऱ्या सरकारी केंद्रास दूरध्वनी केला, एकदा नव्हे, अनेकदा. प्रसिद्ध केलेली पद्धत विमानाला पर्वताकडे पाठ करून पश्चिमेकडे वळविणारी होती. परंतु उपकरण-उड्डाणाची परवानगी जमिनीवर घेण्याऐवजी डोळ्यांच्या भरवशावर निघावे आणि ती आकाशात घ्यावी, असे वैमानिकाने ठरविले. आणि सॅन डिएगोच्या गजबजलेल्या नियंत्रित आकाशात परवानगीवाचून शिरणे घडू नये म्हणून ईशान्येस, तीन हजार फुटांच्या खाली राहून जावे, असा बेत बोलून दाखविला. दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाने त्याला हरकत घेतली नाही. ईशान्येस, तीन हजार फुटांच्या खाली, ओटाय पर्वत होता. विमानातील दहाही माणसे मृत्यू पावली.

चौकशी मंडळाने मुख्य दोष वैमानिकांच्या नियोजनाकडे दिला आणि माहिती देणाऱ्याने भूप्रदेशाविषयी पुरेसे सांगितले नाही हे सहकारी कारण म्हणून नोंदविले. निर्णय न्याय्य असेल. पण त्या संभाषणात नेमके काय घडले याचा विचार केला की मन अस्वस्थ होते. वैमानिक विचारीत होता तो प्रश्न त्याच्या मनात एक आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा होता. एकाला वाटले आपण सुरक्षित वाट विचारीत आहोत. दुसऱ्याला वाटले आपल्याला नियंत्रित आकाशाची हद्द विचारली जात आहे. तीन हजार फूट हा आकडा हद्दीच्या दृष्टीने बिनचूक होता, आणि डोंगराच्या दृष्टीने प्राणघातक होता. आणि तो आकडा कोणत्या हिशेबातला आहे हे दोघांपैकी एकानेही उच्चारले नाही.

त्याच विमानतळावर, त्याच पर्वताने, 24 ऑक्टोबर 2004 च्या मध्यरात्रीनंतर आणखी पाच माणसे घेतली. ते रुग्णवाहू लिअरजेट होते. याही वैमानिकांनी परवानगी आकाशात घ्यावी या बेताने दृश्य-उड्डाणाच्या नियमांखाली प्रस्थान केले. नियंत्रकाने त्यांना रडारवर ओळखले, 020 अंशांची दिशा दिली, दृश्य नियमांखालीच राहण्यास सांगितले आणि पाच हजार फुटांच्या वर उपकरण-उड्डाणाची परवानगी मिळेल असे कळविले. दिशा डोंगराकडे जात होती, वर ढग होते. चौकशी मंडळाने या वेळी आपल्या निष्कर्षात असे नोंदविले, की वैमानिकांनी भूप्रदेशापासून अंतर राखले नाही हे कारण आहेच, पण नियंत्रकाने दिलेल्या परवानगीमुळे ती जबाबदारी वैमानिकांकडून नियंत्रकाकडे गेली होती, आणि त्याने ती पार पाडली नाही. तेरा वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन अपघातांच्या निष्कर्षांत जो फरक आहे, त्यात या सगळ्या इतिहासाचे मर्म आहे असे मी मानतो. रडारवर दिसणे आणि सांभाळले जाणे या दोन गोष्टी वैमानिकाच्या मनात सहज एक होतात. म्हणूनच अमेरिकेच्या वैमानिक-मार्गदर्शिकेत आज स्पष्ट लिहिलेले आहे, की प्रस्थानाच्या वेळी रडारवर ओळख पटल्याचे सांगितले गेले, तरी डोंगरापासून दूर राहण्याच्या जबाबदारीतून वैमानिक मोकळा होत नाही.

हा संभ्रम प्रस्थानापुरता मर्यादित नव्हता. 7 जुलै 1962 च्या पहाटेपूर्वी, भर पावसाळ्यात, बँकॉकहून मुंबईस येणारे आलितालिया कंपनीचे डीसी-8 विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून 94 माणसे दगावली. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत अशा समजुतीने वैमानिक लवकर खाली उतरू लागले आणि विहित किमान उंची त्यांनी पाळली नाही, असे चौकशीत ठरले. सह्याद्री परकीयांना अपरिचित होता, ही नोंदही त्यात होती. पुढे 1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनजवळ ट्रान्स वर्ल्ड कंपनीचे 514 क्रमांकाचे बोइंग 727 माउंट वेदर या टेकडीवर आदळले तेव्हा तर शब्दांच्या अर्थाचाच खटला उभा राहिला. विमानतळापासून 44 मैलांवर असताना नियंत्रकाने उतरण्याची परवानगी दिली. वैमानिकांनी ती ऐकून आपसांत चर्चा केली. नकाशावर त्या टप्प्यासाठी 3,400 फूट लिहिले आहेत हे कप्तानाच्या लक्षातही आले होते. पण परवानगी मिळाली म्हणजे 1,800 फुटांपर्यंत उतरण्याची मुभा मिळाली, असा अर्थ त्यांनी लावला. नियंत्रकांच्या समजुतीप्रमाणे त्या परवानगीचा अर्थ मार्ग मोकळा आहे एवढाच होता आणि डोंगर वैमानिकाने पाहावयाचा होता. 92 माणसे गेली. चौकशी मंडळाच्या पाच सभासदांत तिघे एका बाजूस आणि दोघे दुसऱ्या बाजूस पडले: बहुमताने उतरण्याचा निर्णय हे कारण मानले, अल्पमताने नियंत्रकाच्या अपुऱ्या परवानगीकडे बोट दाखविले.

त्या अपघातापूर्वी सुमारे सहा आठवडे दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच ठिकाणी, त्याच शब्दांमुळे, थोडक्यात बचावले होते, आणि त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले होते. पण ती सूचना कंपनीच्या भिंतींबाहेर गेली नाही. याच जाणिवेतून 1976 साली नासा या संस्थेकडे वैमानिकांची गोपनीय निवेदने गोळा करण्याचे काम सोपविण्यात आले, आणि नियमावलीत कलम आले, की वैमानिकाने प्रसिद्ध मार्गाच्या टप्प्यावर येईपर्यंत शेवटी दिलेली उंची सोडू नये. माझ्या मते हे गोपनीय दप्तर जेपसनच्या वहीचे खरे वारस आहे. कारण कागदावरची संदिग्धता कोठे आहे हे ती वाचून गोंधळलेल्या माणसाइतके दुसऱ्या कोणाला कळत नाही.

प्रस्थानाच्या हुकुमाचा चुकीचा अर्थ घेतल्याने घडलेला सर्वांत मोठा अनर्थ मात्र डोंगरावर घडला नाही; तो 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावर, धुक्यात, धावपट्टीवरच घडला. केएलएमचे बोइंग 747 धावपट्टीच्या टोकाला उभे असताना नियंत्रकाने त्याला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला: कोणत्या दीपाकडे जावयाचे, कोणत्या उंचीपर्यंत चढावयाचे, उजवीकडे वळून कोणती दिशा धरावयाची. ही वाट होती, निघण्याची आज्ञा नव्हती. परंतु त्या सांगण्यात उड्डाणाचा उल्लेख होता, कप्तान निघण्यास उतावीळ होता, आणि विमान धावू लागले. समोर धुक्यात पॅन अमेरिकनचे विमान होते. 583 माणसे मृत्यू पावली. त्यानंतर प्रत्यक्ष निघण्याची परवानगी देण्याच्या किंवा ती रद्द करण्याच्या क्षणाखेरीज 'टेक-ऑफ' हा शब्द नियंत्रकाने किंवा वैमानिकाने उच्चारू नये, एरवी 'डिपार्चर' म्हणावे, असा दंडक झाला.

गर्दीच्या विमानतळांवर यथाकाळ आखीव प्रस्थानमार्ग आले, ज्यांना वैमानिक एसआयडी म्हणतात. प्रत्येकाला नाव, नकाशा आणि ठिकठिकाणच्या उंचीच्या मर्यादा. संदिग्धता येथेही शिरली, निराळ्या दाराने. नकाशा म्हणतो, अमुक ठिकाणी 1,500 फुटांवर राहा, तमुक ठिकाणी 2,000. आणि नियंत्रक मध्येच म्हणतो, चढा आणि अमुक उंचीवर राहा. मग नकाशावरच्या मर्यादा शिल्लक राहिल्या की बाद झाल्या? आंतरराष्ट्रीय नियमांत 2007 साली असे ठरले, की स्पष्टपणे रद्द केल्याशिवाय त्या शिल्लक राहतात; कित्येक देशांनी हे मानले नाही आणि आपापले अपवाद नोंदविले. अमेरिकेत 3 एप्रिल 2014 पासून 'क्लाइंब व्हाया' ही शब्दयोजना आली, म्हणजे नकाशावरच्या मर्यादा पाळीत चढा. आंतरराष्ट्रीय नियमावलीत या धर्तीचे शब्द नोव्हेंबर 2016 मध्ये दाखल झाले. न्यू जर्सीतील टेटरबरोच्या रूडी नावाच्या प्रस्थानमार्गावर तर याचा रोजचा प्रत्यय येई: आधी 1,500 फूट, मग 2,000, आणि वरून न्यूअर्कला उतरणाऱ्या विमानांची रांग; घाईने 2,000 गाठणारे वैमानिक इतके निघाले, की त्या मार्गाची ताकीद धंद्यातल्या प्रत्येकाच्या कानी गेली.

'रनवे हेडिंग' या साध्या आज्ञेचा भेद तर आपल्या मुलांना प्रत्यक्ष भेटतो, कारण महाराष्ट्रातले अनेक तरुण अमेरिकेत वैमानिकी शिकून परत येतात. अमेरिकेत ही आज्ञा मिळाली तर होकायंत्रावर धावपट्टीची दिशा धरावयाची आणि वाऱ्याने विमान बाजूला सरले तरी सरू द्यावयाचे. नियंत्रकाचा हिशेब सगळी विमाने सारखीच सरतील असा असतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीत मात्र नकाशावरची रेघ ही जमिनीवरची रेघ आहे, आणि वाऱ्याची दुरुस्ती करून विमान त्या रेघेवर राखावयाचे असते. सपाट मुलुखात हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. दरीतून निघताना, जोरदार आडव्या वाऱ्यात, तो शेकडो फुटांचा होतो.

या क्षेत्रातली सर्वांत चिवट संदिग्धता अद्याप मिटलेली नाही, आणि ती मनोरा नसलेल्या लहान विमानतळांवर दिसते. तेथून निघणाऱ्याला दूरध्वनीवर किंवा रेडिओवर परवानगी मिळते ती अशी: नियंत्रित आकाशात शिरल्यावर 250 अंशांची दिशा धरा. नियंत्रित आकाश बहुधा जमिनीपासून 700 किंवा 1,200 फुटांवर सुरू होते. त्याच्या खालचा पट्टा नियंत्रकाच्या अखत्यारीत नाही, म्हणून वैमानिकाने उड्डाणानंतर कोठे वळावे हे तो सांगत नाही. आणि छापील अडथळा-प्रस्थान पद्धत म्हणते, दोन हजार फुटांपर्यंत सरळ चढा, मग उलट दिशेस वळून दीपाकडे या. मार्गदर्शिका सांगते, की दुसरा मार्ग नियंत्रकाने खास नेमून दिला नसेल तर ही छापील पद्धत परवानगीवाचूनही आचरता येते. मग 250 अंशांची आज्ञा हा खास नेमून दिलेला मार्ग आहे काय? की छापील पद्धत पुरी झाल्यावर अमलात आणावयाची ती आज्ञा आहे? जाणते वैमानिक या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी सयुक्तिक बोलतात, आणि नियमांच्या अक्षरांतून मिळणारी उत्तरे एकमेकांशी पुरती जुळत नाहीत. अमेरिकेत विमान खाते आणि वैमानिकांच्या संघटना यांची नकाशांविषयीची बैठक ठरावीक काळाने भरते, तिच्यात अशीच वाक्ये एकेक करून मांडली जातात, त्यांचे मसुदे बदलतात, त्रिकोणांची जागा बदलते, एखादी ओळ मुख्य पानावर येते. काम संथ आहे. पण प्रत्येक वाक्यामागे कोठला तरी डोंगर आहे. तोवर शहाणा वैमानिक एवढेच करतो, की दूरध्वनी ठेवण्यापूर्वी आपण छापील पद्धतीने चढणार आहोत आणि त्यानंतर दिलेली दिशा धरणार आहोत हे स्वच्छ शब्दांत नियंत्रकाला सांगतो, आणि पलीकडून होकार ऐकल्याखेरीज निघत नाही.